देखण्या डोंगरात सरकारची जामीनकी

अमेरिकेच्या कृषी खात्याने एक नकाशा करून ठेवलाय. आपला पत्ता त्यात टाकायचा आणि बघायचं, आपण 'रूरल' आहोत की नाही. रंगवलेला भाग अपात्र, कोरा भाग पात्र. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम टोकाला अ‍ॅशव्हिल शहर रंगवलेलं दिसतं. तिथून आणखी पश्चिमेला, डोंगरात शिरलं की हेवूड काउंटी, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाच, लागते, ती बहुतेक कोरीच. कोरी म्हणजे तिथे 'यूएसडीए लोन', म्हणजे या कृषी खात्याच्या योजनेतलं गृहकर्ज, मिळू शकतं. पदरचं काही न घालता घराची पूर्ण किंमत कर्जाऊ. त्यासाठी शेती करावी लागत नाही. उलट जागेवर उत्पन्न देणारी शेती असेल तर फाइल अडते. पुण्याच्या मावशीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग कृषी खात्याचा यात काय संबंध गं?"

प्रश्न रास्त आहे. मी इथे एका गृहकर्जाच्या ऑफिसात प्रोसेसर आहे, म्हणजे कर्ज मंजूर करणारी नव्हे आणि घर विकणारीही नव्हे. कागद गोळा करायचे, एकमेकांशी ताडून बघायचे, अंडररायटरने, म्हणजे कर्जातली जोखीम तपासून निर्णय देणाऱ्याने, काढलेल्या शंकांना उत्तरं शोधायची. पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, घटस्फोटाचे हुकूमनामे, विहिरीच्या पाण्याचे रिपोर्ट. मलाही हा संबंध पहिल्यांदा विचित्रच वाटला होता.

त्याचं मूळ १९४९ सालात आहे. त्या वर्षीच्या जुलैत राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी गृहनिर्माण कायद्यावर सही केली. प्रत्येक अमेरिकी कुटुंबाला चांगलं घर आणि राहण्याजोगा परिसर मिळावा, असं त्यात लिहिलेलं होतं. शहरांसाठी तरतुदी होत्याच, पण पाचवं प्रकरण शेतकऱ्यांच्या घरांचं होतं. खेड्यात लांब मुदतीचं कर्ज द्यायला बँका फारशा राजी नसत. शेतकऱ्याच्या दारात जाऊन कर्ज देण्याची सवय होती ती फार्मर्स होम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाच्या सरकारी यंत्रणेला, आणि ती कृषी खात्याखाली. तेव्हा घरांचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. १९६१ मध्ये शेती न करणाऱ्या गावकऱ्यांनाही हे दार उघडलं. पुढे यंत्रणेची नावं बदलली, पाट्या बदलल्या, पण कायद्यातलं कलम ५०२ तसंच राहिलं. आमच्या ऑफिसात अजूनही 'फाइव्ह-ओ-टू' असंच म्हणतात.

या कलमाखाली दोन प्रकारची कर्जं आहेत. पहिलं 'डायरेक्ट', यात सरकारच सावकार. त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत कमाई असणाऱ्यांसाठी. मुदत ३३ वर्षं, अगदीच हातातोंडाशी गाठ असेल तर ३८. व्याजावर सबसिडी मिळते आणि ती धरून प्रत्यक्षातलं व्याज एक टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं. पुढे घर विकलं की त्या सबसिडीतला काही भाग सरकार परत मागतं. दुसरं 'गॅरंटीड'. १९९० च्या कायद्याने आलेलं. पैसे बँकेचे, ३० वर्षांची मुदत, व्याज स्थिर, उत्पन्नाची मर्यादा ११५ टक्क्यांपर्यंत सैल, आणि सरकार फक्त हमी देतं. आमच्या टेबलावर येतात त्या याच फायली.

ही हमी कुणाला? लोन ऑफिसर ग्राहकाला सांगतो, "सरकार तुमच्या पाठीशी आहे." ग्राहकाचा चेहरा उजळतो. पण जामीनदार हा नेहमी देणाऱ्याच्या सोयीचा असतो, हे गावातल्या पतसंस्थेच्या कर्जाला भिडेखातर सही करून पुढे पस्तावलेल्या कुणालाही विचारा. कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान, कर्जाच्या पहिल्या ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण, त्यापुढच्या भागाचं ८५ टक्के, सरकार भरून देतं. सगळं धरून कमाल ९० टक्के. या हमीची फी मात्र घर घेणारा भरतो. सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का, आणि मग दरसाल शिल्लक रकमेवर ०.३५ टक्के. अडीच लाख डॉलरच्या कर्जावर आधी अडीच हजार, ते बहुधा कर्जातच मिळवतात, आणि पहिल्या वर्षी महिन्याला सत्तरेक डॉलर. हे काही लुबाडणं नव्हे. आगाऊ भरायला किमतीच्या वीस टक्के रक्कम हातात नसलेल्या माणसाला याहून स्वस्त वाट सहसा सापडत नाही. मला फक्त 'पाठीशी' हा शब्द खटकतो. सरकार बँकेच्या पाठीशी आहे, आणि बँकेला धीर आल्यामुळे ग्राहकाचं काम होतं, इतकंच.

आता हेवूडबद्दल. वस्ती साधारण ६२ हजार. सहा हजार फुटांच्या वरची शिखरं, ब्लू रिज पार्कवेचा वळणावळणाचा रस्ता, एका अंगाला ग्रेट स्मोकी पर्वताचं राष्ट्रीय उद्यान. जूनमध्ये रोडोडेंड्रॉनने उतार भरतात, ऑक्टोबरात पानं रंगली की रस्त्यावर बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागते. इथले लोक अभिमानाने सांगतात की या काउंटीत बाहेरून पाणीच येत नाही. जी नदी, जो ओढा वाहतो तो इथल्याच डोंगरात उगम पावतो. पाण्याच्या बाबतीत खरंय. पैशाचं उलटं आहे. तो बाहेरूनच येतो, आणि गेल्या काही वर्षांत तर फारच.

पूर्वी तसं नव्हतं. काउंटीतल्या कँटन गावात १९०८ पासून कागदाची गिरणी होती. पिजन नदीच्या काठावर, गावाच्या अगदी मध्यात. तिचा वास पुढच्या खोऱ्यापर्यंत जायचा आणि जुने लोक म्हणत, तो पैशाचा वास आहे. बाप, मुलगा, नातू एकाच पाळीत, असंही दिसायचं. १९९९ मध्ये मालक गिरणी विकायला निघाला तेव्हा कामगारांनी पगारकपात सोसून, एका गुंतवणूकदाराला जोडीला घेऊन ती विकत घेतली होती. आपल्याकडच्या गिरणगावाची गोष्ट ज्यांनी घरात ऐकलीय त्यांना यातली जिद्द वेगळी सांगायला नको. पुढे ती पुन्हा दुसऱ्यांच्या हाती गेली, आणि मार्च २०२३ मध्ये नव्या मालकांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं. उन्हाळ्यापर्यंत हजाराच्या आसपास माणसं घरी बसली. शेतीतली तंबाखू त्याआधीच गेली होती. २००४ च्या कायद्याने, कुणी किती तंबाखू विकायची हे ठरवणारी कोट्याची पद्धत संपली आणि डोंगरउतारावरची बर्ली तंबाखूची छोटी छोटी शेतं गवताखाली गेली. तंबाखू सुकवायची लाकडी कोठारं अजून उभी आहेत. पाहुणे त्यांचे फोटो काढतात.

मग राहिलं काय? शाळा, इस्पितळ, वृद्धाश्रम, हॉटेलं, दुकानं, बांधकाम. आणि निसर्ग.

कलम ५०२ ची सगळी मांडणी एका गृहीतकावर उभी आहे. घराची किंमत त्या गावातल्या पगाराला धरून असते, फक्त गावकऱ्याकडे आगाऊ भरायला रक्कम नसते आणि बँकेला त्याची खात्री नसते. तेवढी फट सरकारने बुजवली की झालं. आयोवात मक्याच्या शेतांमधल्या एखाद्या गावात हे बरोबर असेल. देखण्या डोंगरात घराची किंमत ठरते ती तीन तासांवरच्या अटलांटातल्या पगारावर, शार्लटच्या बँकांमधल्या बोनसवर आणि फ्लोरिडात विकलेल्या घराच्या पैशावर. इथे 'हाफबॅक' असा एक शब्द आहे. उत्तरेतून निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेलेले, तिथल्या उकाड्याला आणि वादळांना कंटाळून अर्ध्या वाटेवर परत आलेले ते हाफबॅक. बिचारे वाईट लोक नसतात. चर्चमध्ये येतात, वाचनालयाला देणग्या देतात. पण ते घर रोखीने घेतात.

रोख आणि यूएसडीए एकाच घरावर समोरासमोर आले की काय होतं, ते मी नेहमी बघते. विकणाऱ्याचा एजंट ऑफर चाळतो आणि 'यूएसडीए' दिसलं की कपाळाला आठ्या. कारण आमच्या मंजुरीनंतर फाइल पुन्हा सरकारी ऑफिसात जाते, तिथून हमीचं पत्र यावं लागतं, त्यात आणखी दिवस जातात. वॉशिंग्टनमध्ये खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारच बंद पडलं तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये पडलंच, तब्बल ४३ दिवस. नवी हमीपत्रं निघेनात. सामानाचे खोके भरून बसलेली कुटुंबं मला रोज फोन करत होती आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. रोखीच्या ग्राहकाला अमेरिकेच्या संसदेत कोण कुणाशी भांडतंय याच्याशी देणंघेणं नसतं.

एक फाइल सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून. नवरा शाळेच्या बस दुरुस्त करणारा, बायको वृद्धाश्रमात रात्रपाळीला. घर एका 'कोव्ह'मध्ये. कोव्ह म्हणजे दोन सोंडांच्या बेचक्यातली वस्ती. खडीचा रस्ता, तोही पाच घरांच्या सामाईक मालकीचा. त्या रस्त्याची डागडुजी कोण करणार याचा करार आधी शोधावा लागला, तो एका शेजाऱ्याच्या ट्रंकेत सापडला. विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतून स्वच्छ आला. सगळं जमत आलं होतं. मग काउंटीच्या आरोग्य विभागाकडून सेप्टिक टाकीच्या परवान्याची प्रत आली.

प्रत ऐंशीच्या दशकातली, झेरॉक्सची झेरॉक्स. पेन्सिलीने काढलेला चौकोन म्हणजे घर, त्याच्या खालच्या अंगाला टाकी, टाकीतून निघालेल्या तीन वाकड्या रेघा म्हणजे पाणी मुरवायचे चर, एका बाजूला 'खडक' असं लिहून फुली, दुसऱ्या बाजूला ओढा. कोपऱ्यात एक आकडा: बेडरूम, २. जाहिरातीत घर तीन बेडरूमचं होतं, घराची किंमत ठरवणाऱ्या अप्रेझरनेही तीनच मोजल्या होत्या. नॉर्थ कॅरोलायनात सेप्टिकचा हिशेब माणसांपेक्षा बेडरूमवर असतो. दर बेडरूममागे दिवसाला १२० गॅलन सांडपाणी धरतात. तिसरी खोली कधीतरी कुणाच्या तरी शिवणकामाची असावी, मागाहून तिच्यात कपाट बसवलं आणि ती बेडरूम झाली. अंडररायटर म्हणाली, एकतर चर वाढवा नाहीतर घर दोन बेडरूमचं धरून किंमत पुन्हा काढा. चर वाढवायला जागा कुठली, इकडे खडक आणि तिकडे ओढा. किंमत पुन्हा काढली तर ती उतरली, आणि हे कर्ज मिळतं ते ठरवलेल्या किमतीच्या हिशेबात. विकणाऱ्याने भाव कमी करायला नकार दिला. त्याच आठवड्यात त्याला रोखीचा ग्राहक मिळाला. रोखीच्या माणसाला सेप्टिकचा परवाना कुणी मागत नाही.

काही महिन्यांनी मला तेच घर सुट्टीच्या भाड्याच्या जाहिरातीत दिसलं. गरम पाण्याचा टब, धुक्यातल्या डोंगराचा फोटो, आणि खाली लिहिलेलं: आठ जणांची झोपायची सोय.

मी नियमांच्या विरोधात नाही. सांडपाणी ओढ्यात गेलं तर खालच्या कोव्हमधली मुलं आजारी पडतील, आणि बहुतेकदा ती आमच्याच ग्राहकांची असतील. राग येतो तो एवढ्याचाच की नियम पाळायची वेळ ज्याच्यापाशी कमी पैसे आहेत त्याच्यावरच येते.

उत्पन्नाच्या हिशेबातही असंच एक वळण आहे. २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक काउंट्यांत गॅरंटीड कर्जासाठी चार माणसांपर्यंतच्या कुटुंबाची मर्यादा १,१९,८५० डॉलर होती. आकडा मोठा वाटतो. पण त्यात घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची कमाई धरतात, कर्जाच्या कागदावर त्याची सही असो वा नसो. आजीची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, हॉटेलात भांडी घासणाऱ्या मोठ्या मुलाचा पगार, सगळं. म्हणजे ज्यांनी परवडत नाही म्हणून तीन पिढ्या एका छपराखाली ठेवल्या, त्यांची गणना सुखवस्तूंत व्हायला वेळ लागत नाही. मुलाने वेगळं बिऱ्हाड केलं तर आईबाप पात्र ठरतात, आणि मुलाला भाड्याची खोली मिळत नाही, कारण खोल्या पाहुण्यांना दिलेल्या असतात.

इथल्या मराठी मंडळींना एक सांगून टाकते, कारण दिवाळीच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच. एच-वन-बी व्हिसावर हे कर्ज मिळत नाही. साधारणपणे नागरिक हवं किंवा ग्रीन कार्ड हवं. शिवाय घरात स्वतः राहावं लागतं. 'डोंगरात एक घर घेऊन ठेवू, भाड्याने लावू' या बेतासाठी ही योजना नाही, आणि नसावीच.

माझं माहेर वाईचं. पाचगणीच्या घाटाकडे बघत वाढलेल्या माणसाला हेवूडमधलं पुष्कळसं ओळखीचं वाटतं. तिकडेही उतारावरच्या जमिनी पुण्या-मुंबईच्या लोकांनी घेतल्या, तिकडेही ज्याने विकली त्याचा मुलगा त्याच बंगल्याची राखण करताना दिसतो. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला खातेदार शेतकरी असावं लागतं असा कायदा असूनही. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत मिळतं ते कर्ज नव्हे, अनुदान: सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगरी राज्यांत आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. म्हणजे डोंगरात घर बांधायला जास्त लागतं हे आपल्या सरकारने निदान दहा हजारांपुरतं मान्य केलंय. पण डोंगर देखणा असला तर काय, हे तिथेही कुणी धरलेलं नाही.

सगळ्यात जास्त ओळखीची वाटली ती वारसाहक्काची भानगड. डीडवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या दस्तावर, पणजोबांचं नाव. पणजोबा मृत्युपत्र न करता गेले. मुलं कारखान्यांच्या मागे ओहायोत गेली, त्यांची मुलं आणखी कुठे. जागेवर राहते ती एक पणती, घरपट्टी तीच भरते, छप्पर तीच शाकारते, पण कायद्याने जागा पंधरा-वीस जणांची, त्यांतल्या निम्म्यांचा पत्ता कुणाला ठाऊक नाही. याला इथे 'एअर्स प्रॉपर्टी' म्हणतात. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला पुढचं सांगायला नकोच. टायटल, म्हणजे मालकी हक्क, साफ नाही म्हणून कर्ज नाही. आणि या पंधरा-वीस जणांपैकी कुणा एकाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तर तो बाहेरचा कोर्टात जाऊन सगळ्या जागेचं वाटप किंवा विक्री मागू शकतो. ज्या जागेवरून डोंगर चांगला दिसतो, तिथे असा बाहेरचा माणूस भेटायला वेळ लागत नाही.

डोंगर चांगला दिसावा म्हणून सरकारनेही इथे घरं हलवलेली आहेत. हेवूडच्या उत्तर टोकाला कॅटालूची नावाचं खोरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हजारावर माणसं राहत होती. सफरचंदाच्या बागा, शाळा, चर्च. राष्ट्रीय उद्यानासाठी ती जमीन घेतली गेली आणि तिसाच्या दशकात गाव उठलं. १९३४ मध्ये उद्यान अधिकृतपणे झालं. आता तिथे काही घरं आणि चर्च जपून ठेवलंय, २००१ पासून पुन्हा आणून सोडलेले एल्क जातीचे मोठे हरीण कुरणात चरतात, संध्याकाळी पाहुणे दुर्बिणी घेऊन उभे राहतात. त्या कुटुंबांचे वंशज दर उन्हाळ्यात चर्चपाशी एकत्र जमतात आणि जेवण करून परत जातात. म्हणजे एका खात्याने घरं काढून देखावा उभा केला, आणि त्या देखाव्यामुळे महाग झालेल्या गावात दुसरं खातं घरांसाठी जामीन राहतंय. ही थट्टा नाही. उद्यान नसतं तर तिथे आज काय उभं असतं याची कल्पना मला करता येते, आणि ती काही फार चांगली नाही.

मग पूर. कँटन आणि त्याच्या खालचं क्लाइड ही गावं पिजन नदीच्या काठची. २००४ च्या सप्टेंबरात दोन वादळं पाठोपाठ आली. ऑगस्ट २०२१ मध्ये फ्रेड नावाच्या वादळाने क्रूझोकडच्या खोऱ्यात सहा माणसं नेली. आणि २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळ. अ‍ॅशव्हिलच्या नळाला प्यायचं पाणी परत यायला पन्नासाहून जास्त दिवस लागले. टेनेसीकडे जाणारा आय-४० महामार्ग नदीने घळीत कुरतडून नेला, तो मार्च २०२५ मध्ये एकेका लेनपुरता उघडला. डोंगरात पुराचा विमा फार थोड्यांकडे होता, आणि दरड कोसळली तर घराचा नेहमीचा विमा हात वर करतो.

त्या शरद ऋतूत आमच्या ऑफिसात नव्या घराची फाइल जवळजवळ येईना. फोन मात्र येत. जुने ग्राहक, किंवा त्यांच्या आया. कुणाचं छप्पर गेलेलं, कुणाच्या विहिरीत गाळ, कुणाच्या घराखालचा भराव वाहून गेलेला. त्यांना घर विकत घ्यायचं नव्हतं. असलेलं टिकवायचं होतं. आणि तेव्हा मला त्याच १९४९ च्या कायद्यातलं दुसरं एक कलम पहिल्यांदा नीट वाचावंसं वाटलं.

ते कलम ५०४. स्वतःच्या घरात राहणाऱ्या, अगदी कमी उत्पन्नाच्या माणसाला दुरुस्तीसाठी कर्ज: ४० हजार डॉलरपर्यंत, व्याज एक टक्का, फेड वीस वर्षांची. वय ६२ किंवा त्याहून जास्त असेल आणि कर्ज फेडायची ऐपत नसेल तर अनुदान, आयुष्यभरात मिळून १० हजारांपर्यंत, घरातला आरोग्याचा आणि जिवाचा धोका काढण्यासाठी. राष्ट्राध्यक्षांनी आपत्तीग्रस्त ठरवलेल्या भागात ते १५ हजारांपर्यंत वाढू शकतं. गिरणीच्या पेन्शनवर जगणाऱ्या, घराचं कर्ज कधीच फिटलेल्या कँटनच्या विधवा बाईला हे लागू पडतं. यात हाफबॅकशी स्पर्धा नाही. रोखीचा ग्राहक नाही. ती घरात राहिली, छप्पर गळलं नाही, चर तुंबले नाहीत, तर ते घर भाड्याच्या जाहिरातीत जाणार नाही.

माझं मत असं झालंय की देखण्या डोंगरात सरकारी पैशाचा खरा उपयोग इथे आहे, नवं घर घेऊन देण्यात नाही. नव्या घराची शर्यत आपले ग्राहक बहुतेकदा हरतात, आणि जिंकले तरी गावातली किंमत आणखी थोडी वर ढकलून. जुनं घर टिकलं तर गावातला एक माणूस गावात राहतो. मॅनेजरशी यावर माझा वाद होतो. तो म्हणतो, तरुणांनी काय आजीच्या घराची वाट बघत बसायचं? त्याचंही चूक नाही. तरुणांसाठी कायद्यात आणखी एक युक्ती आहे, ५२३ कलमाची. काही कुटुंबं गट करतात आणि एकमेकांची घरं स्वतः बांधतात, मजुरीतला निदान ६५ टक्के वाटा अंगमेहनतीने उचलतात, आणि सगळ्यांची घरं पुरी झाल्याशिवाय कुणी राहायला जात नाही. पूर्वी आपल्याकडे गावकी करून घराचं आढं चढवत, तसंच. पण त्याला कुठून तरी सपाट, पाणी मुरणारी, परवडणारी जमीन लागते. हेवूडमध्ये ती शोधून दाखवा.

५०४ ची जाहिरात कुठे दिसत नाही, याचं कारण मला ऑफिसात बसून कळलं. पाचशे-दोनच्या फायलीत एजंटला कमिशन, आम्हाला फी, अप्रेझरला, वकिलाला, टायटल कंपनीला प्रत्येकाला काहीतरी मिळतं. पाचशे-चारमध्ये अर्ज थेट सरकारी ऑफिसात जातो, मधे कुणालाच काही सुटत नाही. मग ते लोकांना सांगणार कोण? चर्चमधले स्वयंसेवक सांगतात, काउंटीच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रातल्या बाई सांगतात. हेलीननंतर मीही सांगायला लागले. फोन करणारा माणूस साठीच्या पुढचा वाटला आणि 'रिफायनान्स करून, म्हणजे घरावर नवं कर्ज काढून, छप्पर घालायचंय' म्हणाला, की मी आधी वय विचारते, घरात किती जण कमावतात ते विचारते, आणि बसत असेल तर आमची फाइल उघडायच्या आधी त्याला कृषी खात्याच्या स्थानिक ऑफिसाचा नंबर देते. हेही सांगते की लगेच होणार नाही, कागद दोनदा मागतील, आणि डीडवर तुमचंच नाव आहे का ते आजच बघून ठेवा.

बऱ्याच जणांचं नसतं. पण आपत्तीच्या मदतीपुरता तरी फेमाने, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत यंत्रणेने, २०२१ मध्ये नियम सैल केला. आता डीड नसलं तरी मालकीचे दुसरे पुरावे, काही वेळा स्वतःचं लेखी निवेदनही चालतं. कर्जाच्या बाबतीत फेमाची ही सवलत लागू होत नाही. तेव्हा वारसांना शोधण्याचं काम मी फोनवरच्या माणसाकडे सोपवते आणि वकिलाचा मोफत सल्ला देणारी केंद्रं कुठे आहेत ते सांगते. मॅनेजरने परवा विचारलं की महिन्याला अशा किती फायली मी दारातून परत पाठवते. मी त्याला म्हटलं, मोजलेल्या नाहीत, हव्या असतील तर पुढच्या महिन्यापासून मोजते. तो म्हणाला, नको.